थुंकणारी गन आणि श्रावणातली हवा

चवथीच्या देखाव्यासाठी सिलिकॉनचे चेहरे रंगवणाऱ्यांची पावसाळ्यातली तक्रार ठरलेली असते: गन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेने रंग फवारणारा एअरब्रश, थुंकते. गालावर तलम फवारा बसता बसता मध्येच शिंतोडा उडतो. मग नीडल (आतली सुई) बदल, नोझल (पुढचं तोंड) बदल, शेवटी नवी गन. एका ठिकाणी तर कॉम्प्रेसरला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली. त्याच कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा, पाणी काढायचा नळ मात्र गंजून घट्ट बसला होता!

दोष बहुतेक वेळा गनचा नसतोच, हवेतल्या पाण्याचा असतो. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. गोव्यात श्रावणात आर्द्रता ८५ टक्के सहज असते, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. कॉम्प्रेसरच्या गेजवर ३० पीएसआय (दाबाचं एकक) दिसतो तेव्हा हवेचा एकूण दाब वातावरणाच्या तिप्पट झालेला असतो आणि त्या घनमीटरची जागा एक तृतीयांश उरते. वाफ किती मावणार हे जागा आणि तापमान ठरवतात, दाब नव्हे. तेवढ्या जागेत मावते १० ग्रॅम. उरलेल्या १६ ग्रॅमचं पाणी होतं, चांगले तीन चमचे! छोटा कॉम्प्रेसर पाऊण तास चालला की एवढी हवा गनमधून गेलेली असते.

गंमत पुढेच आहे. दाबताना हवा तापते आणि गरम हवेत वाफ जास्त मावते. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवलेल्या वॉटर ट्रॅपमधून (हवेतले पाण्याचे थेंब अडवणाऱ्या भांड्यातून) ती वाफेच्या रूपातच निसटते, पुढे नळीत थंड होते आणि तिथे तिचे थेंब बनतात. म्हणून ट्रॅप हवा तो लांब नळीनंतर, गनच्या जवळ. टाकीतलं पाणीही रोज काढायचं.

साध्या रंगात एखादा थेंब खपून जातो, इथे नाही. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय दुसरं फारसं काही चिकटत नाही, म्हणून रंगही नॅफ्थ्याने (पेट्रोलसारख्या ज्वलनशील द्रवाने) पातळ केलेल्या सिलिकॉनचाच असतो. तो पाण्याला दूर सारतो आणि थेंबाच्या जागी खड्डा पडतो. बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पातळ करून वापरत असाल तर आणखी पंचाईत, कारण ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं आणि नीडलच्या टोकावर साय धरतं. प्लॅटिनमवाल्या, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला ओलाव्याची गरज नसते. त्याचं वैर गंधकाशी, म्हणून लॅटेक्सचे हातमोजे नकोत, नाहीतर रंग कायमचा चिकट राहतो.

परीक्षा सोपी आहे. कप रिकामा, गन कोरडी करून नुसती हवा आरशावर मारा. ओले ठिपके दिसले तर ट्रॅपकडे वळा. आरसा कोरडा राहिला आणि रंग भरल्यावर कपात बुडबुडे आले, तर नोझल तुंबलंय किंवा सैल आहे. ट्रिगरपाशी रंग झिरपत असेल तर आतलं रबरी पॅकिंग नॅफ्थ्याने फुगलंय, तिथे टेफ्लॉनचं घाला. आणि नॅफ्था फवारताना खोलीत समई-उदबत्ती पेटती नको.