मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेव्हा माउसचं काय होतं?

वेंगुर्ल्यात समुद्राच्या अगदी जवळ एका ओळखीच्या काकांचं घर आहे. गेल्या श्रावणात त्यांचा कॉम्प्युटर झपाटल्यासारखा वागू लागला. माउसचं चाक फिरवून पान खाली न्यावं, तर ते मध्येच उसळी मारून वर जाई. कीबोर्डवरचं आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं, की आवाज वाढता वाढता एकदम खाली येई. व्हायरस असेल म्हणून काकांनी विंडोज नव्याने टाकून घेतली. काही फरक पडला नाही.

बिघाड दोन दिसत होते, पण दुखणं एकच होतं. माउसचं चाक आणि आवाजाचं ते गोल बटण, दोन्हींच्या पोटात बहुधा एकाच जातीचा भाग असतो: एन्कोडर. त्यात दोन संपर्क एकमेकांच्या किंचित मागेपुढे बसवलेले असतात. फिरवताना आधी पहिला जुळला आणि मग दुसरा, तर एक दिशा. आधी दुसरा जुळला, तर उलट दिशा. कॉम्प्युटरला तुमचं बोट दिसत नाही. कोण आधी जुळलं, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे एक संपर्क जरी चुकला, तरी क्रम बिघडतो आणि 'खाली'चं 'वर' होतं.

संपर्क चुकतो कशामुळे? पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, त्याच कारणामुळे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठही हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कोरड्या हवेतही ओलावतात. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले हे कण माउसच्या फटींतून आत जाऊन बसतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे सुटलेला संपर्कही जुळल्यासारखा भासू शकतो. पुढे धातू गंजून त्यावर थर चढतो आणि जुळलेला संपर्क सुटल्यासारखा वाटतो. इथे वीज इतकी क्षीण असते, की तो थर फोडण्याचं बळ तिच्यात नसतं. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

दोष शोधताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: बिघाड वस्तूबरोबर जातो की कॉम्प्युटरपाशीच राहतो? काकांचा माउस शेजारच्या लॅपटॉपला लावला, तिथेही पान उड्या मारू लागलं. कीबोर्ड काढून ठेवला आणि आवाज पडद्यावरून बदलला, तर तो मुकाट्याने जागेवर राहिला. विंडोज निर्दोष ठरली. नवी विंडोज टाकण्याआधी ही पाच मिनिटं प्रत्येकाने द्यावीत, असं मला कळकळीने वाटतं.

बाणच थरथरत असेल तर गोष्ट वेगळी. माउसच्या तळाशी सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा चिमुकला कॅमेरा असतो. भोकात अडकलेला केस किंवा काचेचं टेबल त्याला फसवतं. वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबी ३.० च्या जोडणीला खेटून असेल, तर तिथला विजेचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे माउस ज्यावरून रिसीव्हरशी बोलतो त्याच रेडिओ पट्ट्यात मिसळतो. रिसीव्हर वायरीने थोडा लांब न्यावा.

सफाईसाठी वायर काढून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा, चाक वीस-तीस वेळा फिरवावं आणि पूर्ण वाळू द्यावं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. जुन्या स्पीकरच्या खरखरणाऱ्या बटणालाही हाच उपाय चालतो.

पावसाळ्यात कॉम्प्युटर झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आतल्या उष्णतेने ३७ अंशांवर गेली, की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांवर उतरते. माउसला ही ऊब मिळत नाही. म्हणून काकूंनी त्याच्यासाठी पापडांचा एक घट्ट झाकणाचा डबा दिला आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या. चाक फवाऱ्याने सुधारलं. कीबोर्डचा एन्कोडर मात्र आतून हिरवा पडला होता, तो बदलावा लागला.