बिलीचा चहा

बिली म्हणजे ऑस्ट्रेलियात उघड्यावर, जाळावर पाणी उकळायचा साधा पत्र्याचा डबा, वर तारेची कडी, असलं तर झाकण, बस एवढंच. त्यात केलेला चहा तो बिली टी. न्यूझीलंडमध्येही हाच शब्द चालतो. याला तोटी नसते, त्यामुळे किटली म्हणण्यापेक्षा आपल्याकडच्या ताकादुधाच्या कडीच्या डब्याचाच हा भाऊ. नाव बहुतेक स्कॉटिश बोलीतल्या बिली-पॉट या भांड्याच्या नावावरून आलंय असं मानतात.

१८५१ मध्ये तिकडे सोन्याची झुंबड उडाली, माणसं मैलोन्मैल पायी निघाली, पुढे मेंढ्यांची लोकर कातरणारे, गुरं हाकणारे, पाठीवर वळकटी टाकून कामासाठी गावोगाव फिरणारे स्वॅगमन, या सगळ्यांना एकच भांडं परवडायचं आणि पेलायचं, ते म्हणजे बिली. मजुरांच्या आठवड्याच्या शिध्यात पीठ, मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा असं साधारण ठरलेलं असे, म्हणजे दिवसाला जेमतेम १६ ग्रॅम पत्ती. ऑस्ट्रेलियन कवी बँजो पॅटरसनने १८९५ मध्ये लिहिलेल्या 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' गाण्यातला स्वॅगमनसुद्धा झाडाखाली बसून बिली उकळायची वाटच बघत असतो!

करायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे आणि गंमत तिथेच आहे. आपण पत्ती, साखर, आलं सगळं एकत्र खळखळवतो. इथे आधी नुसतं पाणी उकळायचं, बिली आडव्या काठीला टांगून किंवा सरळ निखाऱ्यांच्या कडेला ठेवून. धुराचा वास लागू नये म्हणून काहीजण वर एक ओली काडी आडवी ठेवतात. पाण्याला नीट खळखळून उकळी आली की बिली खाली उतरवायची, मूठभर पत्ती टाकायची, निलगिरीचं एखादं पान टाकायचं (तिकडे निलगिरीला गम ट्री म्हणतात) आणि जरा मुरू द्यायचं. पत्ती विस्तवावर उकळत ठेवली की बिनदुधाचा चहा कडू जहर होतो, म्हणून उतरवून टाकणं महत्त्वाचं. दूध मिळालं तर ठीक, नाहीतर कंडेन्स्ड मिल्क, नाहीतर कोराच, आणि सोबत राखेत भाजलेली डँपर नावाची जाड रोटी.

आता पत्ती खाली बसवायची कशी, गाळणं तर नसतंच. काहीजण काठीने डब्याच्या अंगावर टकटक करतात, पण खरा प्रसिद्ध प्रकार म्हणजे कडी धरून अख्खी बिली हात ताठ ठेवून डोक्यावरून गोल फिरवायची. थेंबही सांडत नाही, कारण फिरणारं पाणी डब्याच्या बुडाकडे दाबलं जातं आणि पत्तीही तळाला जाते. हात आणि डबा मिळून साधारण १ मीटर धरला तर एक फेरी २ सेकंदांच्या आत व्हायला हवी, त्याहून सावकाश फिरवलं तर उकळतं पाणी डोक्यावर, आणि मधेच घाबरून हात थांबवला तरी तेच. कडी सैल असेल तर हा प्रकार करूच नये, टकटकीने काम भागतं. मला तर टकटकच बरी वाटते, जवळपास पोरंबाळं असतील तेव्हा तर नक्कीच.

विस्तवाचं मात्र कडक पाळावं लागतं. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात टोटल फायर बॅन जाहीर झाला की उघडा जाळ करणं गुन्हा असतो. निघताना आग पाणी ओतूनच विझवायची, वाळू टाकली तर खाली निखारे तासन्तास धगधगत राहतात आणि अनवाणी पाय पडला की भाजतो. सह्याद्रीत तीन दगडांवर टोप ठेवून चहा करणाऱ्या ट्रेकर मंडळींनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.

बिली आतून धुतात, बाहेरची काजळी मात्र जुनी मंडळी घासत नाहीत, काळं बूड जाळाची धग लवकर ओढून घेतं. मग ती काजळी बाकीच्या सामानाला लागू नये म्हणून बिली गोणपाटाच्या वेगळ्या पिशवीत घालतात.