लाल किल्ला दिल्लीचा की आग्र्याचा? महाराज कुठल्या दरबारात उभे होते?

दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खाससमोर थोडा वेळ रेंगाळलात तर एखादं मराठी कुटुंब हमखास भेटतं. त्यातला एक काका पोरांना सांगत असतो, "बघा रे, इथंच औरंगजेबाच्या भर दरबारात महाराज कडाडले!" पोरं डोळे विस्फारून बघतात. अडचण एवढीच, की काका दोनेकशे किलोमीटर चुकलेत. तो दरबार आग्र्याचा.

काकांना दोष तरी किती द्यायचा? दोन्ही किल्ले लाल दगडाचे, दोन्ही यमुनेकाठी बांधलेले. आत नावंसुद्धा तीच: दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मोती मशीद. 'दिल्ली दरवाजा'देखील दोन्हीकडे आहे. त्यात आग्र्याचे लोकही आपल्या किल्ल्याला सर्रास लाल किला म्हणतात.

आग्र्याचा किल्ला थोरला. बादलगढ नावाच्या जुन्या विटांच्या किल्ल्याच्या जागी अकबरानं १५६५ साली तो बांधायला घेतला. पुढे नातवानं, म्हणजे शाहजहाननं, आतले बरेच महाल पाडून संगमरवरी केले. मग तेवढ्यानंही भागेना म्हणून त्यानं राजधानीच दिल्लीला हलवली आणि १६३९ ते १६४८ या काळात तिथं कोरा करकरीत किल्ला उभारला.

हा फरक चालताना पायांना कळतो. दिल्लीत लाहोरी दरवाज्यातून आत शिरलं की छत्ता चौकाचा बाजार, नौबतखाना आणि दिवाण-ए-आम असं सगळं एका सरळ रेषेत, सपाटीवर. आग्र्याला अमरसिंह दरवाज्यातून आत गेल्यावर वळण, पुन्हा दरवाजा आणि मग दोन उंच भिंतींच्या मधून वर जाणारा चढ. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्यानं तिथं दमादमानं जावं. आपल्या गडांची सवय असलेल्याला आग्र्याचा किल्ला 'किल्ला' वाटतो. दिल्लीचा म्हणजे तटबंदी घातलेला राजवाडा. तोही अर्धामुर्धाच उरलाय, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी आतले पुष्कळ महाल पाडून बराकी बांधल्या. पाहायला एकच निवडायचा झाला तर मी आग्र्याचा निवडेन.

आता १६६६. राजधानी दिल्लीत असताना महाराजांना आग्र्याला का बोलावलं? कारण शाहजहान. आठ वर्षं तो आग्र्याच्याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता आणि जानेवारी १६६६ मध्ये तिथंच वारला. त्यानंतर औरंगजेबानं आग्र्यात दरबार भरवला. १२ मे रोजी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात महाराज दिवाण-ए-खासमध्ये गेले आणि त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुढचं आपल्याला पाठ आहे.

आग्र्याला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: किल्ल्यात महाराजांची कोठडी शोधत फिरू नका. त्यांना किल्ल्यात ठेवलंच नव्हतं. मुक्काम बाहेर, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याच्या छावणीजवळ होता आणि भोवती फौलादखानाचा पहारा. पेटाऱ्यांची गोष्ट घडली ती तिथली. शाहजहानच्या कैदेची जागा म्हणून दाखवतात तो मुसम्मन बुरूज मात्र किल्ल्यातच आहे, आणि तिथून ताज दिसतो. शुक्रवारी ताज बंद असतो, पण किल्ला उघडा असतो, त्यामुळे वार चुकलेल्यांना हा बुरूजच आधार. दिल्लीचा किल्ला सोमवारी बंद, आणि १५ ऑगस्टच्या आधीही काही दिवस आत सोडत नाहीत.

मग दिल्लीच्या किल्ल्यात मराठी माणसाचं काहीच नाही का? भरपूर आहे. काका उभे होते त्याच दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून बघा. रंगवलेलं लाकडी छत दिसेल. तिथं एके काळी चांदी होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता. भाऊंनी ती चांदी उतरवून तिची नाणी पाडली. सहा महिन्यांच्या आतच पानिपत. पोरांना ही गोष्ट सांगायला काकांना जरा जड जाईल, पण जागा तरी बरोबर असेल.

शिवाय १७८८ आहे. रोहिला सरदार गुलाम कादिरनं याच किल्ल्यात बादशहा शाह आलमचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेनं दिल्ली परत घेतली, त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. त्यानंतर पंधराएक वर्षं बादशहा नावाचा, कारभार शिंद्यांचा. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या जनरल लेकनं दिल्लीची लढाई जिंकली आणि किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. आग्र्याचा किल्लाही तेव्हा शिंद्यांकडेच होता. महिन्याभरानं तोही लेकनं घेतला.