यूएसबी बहुध्वनिसाधन जोडणी

एकाच संगणकाला यूएसबी मार्गे एकापेक्षा अधिक ध्वनिसाधने (माईक, साउंड कार्ड, ऑडिओ इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज संगणकाला देणारी डबी, मिक्सर, हेडफोन, स्पीकर) जोडून ती एकाच वेळी चालवण्याची पद्धत. खोचण्यापुरते पाहिले तर यात अवघड काही नाही. रिकामे पोर्ट दिसले की पिन लावायची आणि संगणक साधन ओळखतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. प्रत्येक साधनाचे घड्याळ वेगळे असते, वीज सगळ्यांची एका तोंडातून येते आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच, जुळलेला आवाज हवा असतो. प्रस्तुत नोंदीत ग्रामीण विदर्भातील वापर मुख्यतः विचारात घेतला आहे.

विदर्भात या जोडणीची गरज पडते ती प्रामुख्याने रात्रभराच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणासाठी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानपट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर, मंडई आणि शंकरपटांच्या सुमारास सुरू होतो. वडसा (देसाईगंज) हे नाट्यकंपन्यांचे मुख्य ठाणे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. त्यात गद्य संवाद, पदे, लावणी आणि विनोदी प्रवेश एकामागून एक येतात. पश्चिमेकडे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरी परिसरात आणि एकूणच अमरावती-वर्धा-यवतमाळ भागात, खंजिरी भजनाची मंडळे गावोगावी आहेत. हरिनाम सप्ताह तर सर्वत्रच. मंडपातला साऊंडवाला आपला ॲम्प्लिफायर, भोंगे आणि माईक सांभाळतो. त्याचे काम गावाला ऐकवण्याचे. मुद्रणाचे काम बहुधा गावातल्याच एखाद्या पोराकडे येते. त्याच्याजवळ एक लॅपटॉप, ऑनलाइन मागवलेला एक यूएसबी माईक, मित्राकडून आणलेला दुसरा आणि बोटाएवढे एक साउंड कार्ड असते. पेटीला एक, तबल्याला एक आणि मुख्य आवाजाला एक अशी वाटणी करून तिन्ही एकाच लॅपटॉपला लावण्याचा मोह साहजिक आहे.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ध्वनिसाधनांसाठीचा सामाईक नियमसंच (ऑडिओ क्लास) १९९८ मध्ये ठरला, त्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. हा नियमसंच पाळणारे साधन वेगळा ड्रायव्हर (साधन चालवणारा प्रोग्राम) न टाकता चालते. दुसऱ्या आवृत्तीची साधने मॅक आणि लिनक्सवर बऱ्याच आधीपासून अशी चालत होती. विंडोजमध्ये ती सोय २०१७ मध्ये, विंडोज १० च्या एका अद्ययावत आवृत्तीपासून आली. जुन्या विंडोजवर म्हणूनच काही इंटरफेस नुसते दिसतात, वाजत नाहीत.

ध्वनीची वाहतूक यूएसबीवर एका खास प्रकाराने होते. पेन ड्राइव्हवर फाइल जाताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. ध्वनीत तशी उसंत नसते. ठराविक कालांतराने ठराविक जागा राखून ठेवलेली असते. त्या जागेतून गेले ते गेले, चुकले ते चुकले. ऐकताना हेच ‘टक’ किंवा ‘चर्र’ असे उमटते. साधी ध्वनिसाधने सेकंदाला १.२ कोटी बिट या फुल-स्पीड वेगावर चालतात आणि हा कालांतर १ मिलिसेकंदाचा असतो. सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे), १६ बिट, स्टिरिओ अशा एका प्रवाहाला सुमारे १५ लाख बिट लागतात. जागा राखण्याचे नियम धरून हिशेब केला तर असे साधारण सहाच प्रवाह एका वाटेवर मावतात. यूएसबी २.० ची वाट ४८ कोटी बिटांची असली तरी स्वस्त हबमध्ये (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारे साधन) फुल-स्पीड साधनांसाठी दोन वेगांत मध्यस्थी करणारे एकच दुभाष्या-मंडल असते आणि हबवरची सगळी साधने त्या एकाच अरुंद वाटेत अडकतात. एका नियंत्रकावर १२७ साधने जोडता येतात हे पुस्तकी वाक्य खरे आहे, पण पत्ता सात बिटांचा असतो एवढाच त्याचा अर्थ. ध्वनीच्या बाबतीत त्या आकड्याच्या भरवशावर राहू नये.

घड्याळांचा प्रश्न : या विषयाची खरी मेख इथे आहे. प्रत्येक यूएसबी माईकमध्ये स्वतःचा स्फटिक-आंदोलक असतो आणि सेकंदाला ४८,००० नमुने मोजण्याचे काम तोच करतो. कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांत ५० एवढाच फरक असला, आणि स्वस्त साधनांत तो सहज असतो, तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंदांचे अंतर पडते. तासाला ते ०.१८ सेकंद होते. सहा तासांच्या नाटकात दोन ध्वनिपट्ट्या एका सेकंदाहून जास्त फाकतात. नांदीला पेटी आणि गाणे एकत्र असतात. पहिला अंक संपेतो गाण्यामागे एक पोकळ प्रतिध्वनी जाणवू लागतो. भैरवीच्या वेळी पेटीवाला गायकाच्या पुढे धावतो आहे असे ऐकू येते, आणि ऐकणारे बिचाऱ्या पेटीवाल्याला नावे ठेवतात.

हब बदलून, महाग केबल घेऊन किंवा लॅपटॉपची रॅम वाढवून हा फरक जात नाही. उपाय दोनच. एक, संगणकाने एका साधनाचे घड्याळ प्रमाण मानून बाकीच्यांचे नमुने चालता चालता नव्याने बसवणे. दोन, मुद्रण झाल्यावर हाताने जुळवणे. दुसऱ्या उपायासाठी सर्व माईकांत एकाच वेळी गेलेली एक खूण सुरुवातीला आणि एक शेवटी लागते. चित्रीकरणात टाळी वाजवतात. नाटकात तिसरी घंटा आयतीच असते. ती सर्व माईक सुरू झाल्यावरच द्यायची, आणि पडदा पडल्यावर मुद्रण बंद करण्याआधी पुन्हा एकदा वाजवून घ्यायची. भजनात झांजेचा एक कोरडा ठोका पुरतो. मग संपादनात दोन घंटांमधले अंतर प्रत्येक पट्टीवर मोजून, एका पट्टीचा वेग त्या प्रमाणात बदलायचा. एवढ्या सूक्ष्म बदलाने स्वर हलल्याचे कुणाच्याही कानाला कळत नाही. शेवटची घंटा विसरली, तर पेटीचा एखादा स्पष्ट सूर आणि मुख्य माईकमध्ये झिरपलेला तोच सूर शोधत बसावे लागते, आणि त्यात एक अख्खी दुपार जाते.

पहिल्या उपायाची सोय संगणकप्रणालीप्रमाणे बदलते. मॅकमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या अंगच्या साधनातून अनेक साधनांचे मिळून एक ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ बनवता येते. त्यात एकाचे घड्याळ मुख्य ठरवून बाकीच्यांपुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करायची असते. ही खूण न करता तक्रार करणारे पुष्कळ. लिनक्सवर पाइपवायर किंवा जॅक या ध्वनिप्रणालींच्या जोडीने हेच साधते. विंडोजमध्ये अशी अंगची सोय नाही आणि गावातले बहुतेक लॅपटॉप विंडोजचे असतात. तिथे एसिओफोरऑल हा फुकट ड्रायव्हर अनेक साधने एकत्र दाखवतो (एसिओ ही प्रोग्रामने ध्वनिसाधनाशी थेट बोलण्याची पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली), किंवा व्हॉइसमीटरसारखा आभासी मिक्सर वापरतात. ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम एका वेळी एकाच साधनातून मुद्रण करतो. दुसरा माईक दिसतो तरी घेता येत नाही, याचे कारण हेच. ओबीएस या चित्रमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये मात्र वेगवेगळी साधने स्वतंत्र स्रोत म्हणून घालता येतात आणि सहा ध्वनिपट्ट्या वेगळ्या साठवता येतात. म्हणून नाटकाचे चित्रण आणि आवाज दोन्ही घेणारे बहुधा ओबीएसकडे वळतात.

दोन सारखे माईक असले की नावाचा गोंधळ होतो. स्वस्त साउंड कार्डांत अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज त्यांना पोर्टवरून ओळखते. काल डावीकडच्या पोर्टात लावलेला माईक आज उजवीकडे लावला, की तो नवा पाहुणा ठरतो आणि त्याच्या नावाआधी ‘२-’, ‘३-’ असे आकडे लागतात. ओबीएसमध्ये जुळवलेली मांडणी मग रिकामी दिसते. अनुभवी मुले पोर्टाशेजारी आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची इन्सुलेशन टेप गुंडाळतात: लाल म्हणजे पेटी, पिवळी म्हणजे तबला. अंधारात, रंगमंचाखाली बसून काम करताना कागदी चिठ्ठीपेक्षा ही टेप उपयोगी पडते.

वीज : यूएसबी २.० च्या पोर्टातून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज मिळण्याची हमी असते, ३.० मध्ये ती ९०० आहे. बिनविजेच्या हबवर चार साधने लावली तर चौघांना मिळून तेवढ्यातच भागवावे लागते. कंडेन्सर माईकला (बाहेरून वीज लागणाऱ्या माईकला) केबलमधूनच ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देणारा इंटरफेस असला तर वीज लवकर कमी पडते आणि साधन मध्येच गायब होऊन परत येते. म्हणून स्वतंत्र ॲडॅप्टर असलेला हब घ्यावा, असे सर्वत्र सांगितले जाते. सल्ला बरोबर आहे, पण विदर्भातल्या खेड्यात त्याला एक पुस्ती जोडावी लागते. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मात्र हबचा ॲडॅप्टर मरतो. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात काही हब लॅपटॉपच्या विजेवर येतात, काही येत नाहीत. येणारेही क्षणभर सगळी साधने सोडून पुन्हा धरतात, आणि तेवढ्याने मुद्रण थांबते. स्क्रीनवर आकडे पळत असतात, पट्टीवर मात्र सरळ रेघ. हबचा ॲडॅप्टर छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घेणे हाच मार्ग. तो नसेल तर साधने कमी करून लॅपटॉपच्याच पोर्टांवर भागवलेले बरे.

गुणगुण : अनेक साधने एका संगणकाला लागली की त्या सर्वांचे ग्राउंड आपोआप एकमेकांना जोडले जाते. त्यातले एखादे साधन साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घेत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या बोर्डावर असेल, तर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झची घूं-घूं मुद्रणात शिरते. मंडपातली वीज अनेकदा जवळच्या घरातून किंवा खांबावरून घेतलेली असते आणि अर्थिंग नावापुरतेच. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष ग्राउंडच्या वळशाचा. मिक्सर आणि साउंड कार्ड यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (तारेचा थेट जोड न ठेवता आवाज पुढे देणारी डबी) घातला की हा वळसा तुटतो. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण त्यातले स्वस्त बहुतेक फुल-स्पीडपुरतेच असतात. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन मोडून गुणगुण घालवण्याची युक्ती मंडपांत प्रचलित आहे. ती जीवघेणी आहे. पावसात भिजलेल्या मंडपात धातूचा माईक हातात धरून उभा असलेल्या गायकाला तेवढीच पिन वाचवत असते.

लांबीचेही पथ्य आहे. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच विश्वासाने चालते. रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेला यूएसबी माईक दोन-तीन एक्स्टेन्शन जोडून आणण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. लांबचे अंतर माईकच्या नेहमीच्या बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण आत न घेणाऱ्या) केबलने पार करावे, ती कित्येक पटींनी लांब चालते, आणि यूएसबीचे रूपांतर लॅपटॉपशेजारी करावे.

यातूनच या जोडणीचा सर्वांत चांगला पर्याय पुढे येतो, तो म्हणजे अनेक साधने न जोडणे. चार किंवा आठ माईक घेणारा एकच इंटरफेस लावला की घड्याळ एक, नाव एक, केबल एक. वरचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. नागपूरच्या सीताबर्डीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत असे इंटरफेस आणि ‘यूएसबी मिक्सर’ मिळतात. मात्र मिक्सरवर यूएसबीचे तोंड आहे म्हणजे प्रत्येक माईकची पट्टी वेगळी मिळेल असे नव्हे. स्वस्त मिक्सर बहुतेक वेळा सगळ्यांचा मिसळलेला स्टिरिओ आवाजच संगणकाला देतात. त्यात तबला गाण्यावर चढला असेल तर नंतर तो वेगळा काढता येत नाही. घेण्यापूर्वी यूएसबीवर किती चॅनेल वेगळे येतात हा प्रश्न विचारावा, आणि दुकानदाराने ‘सगळे येतात’ म्हटले तर माहितीपत्रकातला आकडा पाहावा. दोनच आकडा लिहिला असेल तर तो मिसळलेला आवाज.

काही ठिकाणी वेगवेगळी साधनेच सोयीची असतात, कारण तिथे ती एकमेकांशी जुळण्याची गरजच नसते. जिल्हा परिषद शाळेत प्रोजेक्टरचा आवाज एका यूएसबी स्पीकरला आणि शिक्षकांचे ऐकणे हेडफोनवर, अशी वाटणी विंडोजमध्ये ॲपनिहाय करता येते. ग्रामपंचायतीत तालुक्याशी ऑनलाइन बैठक चालू असताना टेबलावरचा माईक आणि भिंतीवरचा स्पीकर वेगळी साधने असली, तर बैठकीच्या प्रणालीत दोन्ही नावानिशी निवडावी लागतात. नाहीतर ती लॅपटॉपचाच अंगचा माईक धरते आणि सरपंचांच्या बोलण्याऐवजी पंख्याचा आवाज तालुक्याला जातो. दोन माईक एकाच खोलीत, दोन लॅपटॉपवर, एकाच बैठकीत उघडे ठेवले तर शीळ घुमते. तेव्हा एकाच लॅपटॉपचा माईक आणि स्पीकर चालू ठेवून दुसऱ्याचे दोन्ही बंद करावे लागतात.