आफ्रिका : भूरचना व आर्थिक भूगोल

आशियाखालोखाल सर्वांत मोठे खंड. क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौ. किमी., म्हणजे पृथ्वीवरील एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश येथे आहेत. कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही ज्यातून जातात असे हे एकमेव खंड. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, तो मर्केटर प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीचा दोष. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे.

खंडाचा बहुतेक भाग पठारी आहे. पालथ्या घातलेल्या परातीला असावी तशी किनाऱ्यालगत अरुंद सखल पट्टी, आणि तिच्या मागे एकदम चढ. पूर्व व दक्षिण भागात पठाराची उंची १,००० मी.च्या वर जाते. उत्तर व पश्चिमेकडे ते बरेच ठेंगणे आहे. दक्षिण आफ्रिका व लेसोथो यांच्या सीमेवरील ड्रेकन्सबर्गचा कडा कोकणातून सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल. दोन्हीकडे वरचे थर बेसाल्टाचे आहेत आणि दोन्ही भूभाग एकेकाळी गोंडवन महाखंडात होते. वयात मात्र फरक मोठा आहे : ड्रेकन्सबर्गचा बेसाल्ट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी.

पठाराच्या या कड्याने आफ्रिकेचे अर्थकारण जितके घडवले तितके दुसऱ्या कशाने क्वचितच घडवले असेल. नद्या आतल्या पठारावर संथ वाहतात आणि समुद्र जवळ आला की कोसळतात. काँगो नदीत किसांगानीपासून किन्शासापर्यंत सुमारे १,७०० किमी. बोटी चालतात, पण तेथून माटाडी बंदरापर्यंतच्या साडेतीनशे किमी.त नदी सुमारे २७० मी. खाली उतरते. धबधब्यांचा हा टप्पा चुकवण्यासाठी १८९० ते १८९८ या काळात लोहमार्ग बांधावा लागला. झांबेझीवर तीच कथा. समुद्राकडून आत शिरण्याची हीच वाट, असे मानून स्कॉटिश प्रवासी लिव्हिंग्स्टन १८५८ मध्ये निघाला आणि काहोरा बासाच्या उतारांवर अडला. नायजर तर समुद्रापासून अडीचशे किमी.वर उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवते, टिंबक्टूजवळ सहारा गाठते आणि मग वळून ४,००० किमी.हून अधिक प्रवासानंतर गिनीच्या आखातास मिळते. किनाराही फारसा दंतुर नाही, त्यामुळे नैसर्गिक बंदरे थोडी. आकाराने एक तृतीयांश असलेल्या युरोपचा किनारा आफ्रिकेपेक्षा लांब आहे.

ज्या उतारांनी बोटी अडवल्या तेच जलविद्युतीचे भांडार आहेत. काँगोवरील इंगा येथे सुमारे ४०,००० मेगावॅट वीज निर्माण होऊ शकते असे मानतात. १९७२ व १९८२ मध्ये सुरू झालेल्या दोन केंद्रांची मिळून क्षमता १,८०० मेगावॅटही नाही.

पूर्वेकडे पठार उभे चिरले आहे. तांबड्या समुद्रापासून मोझांबिकपर्यंत गेलेल्या या खचदरीत टांगानिका (खोली सुमारे १,४७० मी.) व मलावी ही सरोवरे आहेत, आणि जिबूतीत समुद्रसपाटीखाली १५५ मी. असलेले आसाल सरोवर. केनिया खचदरीतल्या भूगर्भीय उष्णतेतून आपली चाळीस टक्क्यांहून अधिक वीज मिळवतो. भोवतालची ज्वालामुखी माती चहा-कॉफीला मानवते. रवांडा, बुरुंडी आणि इथिओपियाचा डोंगराळ प्रदेश दाट वस्तीचे आहेत ते या मातीमुळे व थंड हवेमुळे.

हवामानाचे पट्टे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या क्रमाने येतात : वर्षावन, सॅव्हाना (उंच गवताचा प्रदेश), वाळवंट, टोकाला भूमध्यसागरी हवामान. सहारा व सॅव्हाना यांमधील साहेल पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. येथील चाड सरोवर १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौ. किमी. होते, दोन-तीन दशकांतच त्याचा थोडाच अंश उरला. दमट प्रदेशात त्सेत्से माशीने वेगळीच अडचण केली. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाने गुरे मरतात. बैलच टिकत नाही म्हटल्यावर नांगर गेला आणि गाडीही गेली. लोहमार्ग येईपर्यंत अशा भागांत ओझी माणसांच्या डोक्यावरूनच जात.

खनिजांची वाटणी विलक्षण असमान आहे. जगातील सुमारे सत्तर टक्के कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघतो. फॉस्फेटचे सर्वांत मोठे साठे मोरोक्कोत, बॉक्साइटचे गिनीत. मात्र काँगोतील कटांगा व झांबिया यांचा ताम्रपट्टा समुद्रापासून फार आत असल्याने तांबे खणण्याइतकेच ते बंदरावर नेणे जिकिरीचे. अटलांटिककडचा बेंगेला लोहमार्ग १९७५ नंतर अंगोलातील यादवीत बंद पडला. गोऱ्या अल्पसंख्याकांचे राज्य असलेल्या ऱ्होडेशियामार्गे (आजचा झिंबाब्वे) जाणे झांबियाला राजकीयदृष्ट्या नको होते, म्हणून १९७० ते १९७५ दरम्यान चीनच्या मदतीने दार-ए-सलामपर्यंत १,८६० किमी.चा ताझारा मार्ग टाकला गेला. वसाहतकाळातील बहुतेक रूळ खाणीपासून बंदरापर्यंत थेट गेले. शेजारच्या देशाला जोडण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

शेजारी-शेजारी व्यापार आजही तोकडा आहे. आफ्रिकी देशांच्या व्यापारापैकी आपापसात होणारा व्यापार सुमारे पंधरा टक्केच. तो वाढावा म्हणून खंडव्यापी मुक्त व्यापार करार झाला. त्याखालील व्यवहार जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. जगातील निम्म्याहून अधिक कोको कोत दिव्वार व घाना पिकवतात, पण बहुतेक चॉकलेट युरोप-अमेरिकेत बनते. उत्तर मोझांबिकातील तूर तर मुख्यतः भारतासाठीच पिकते. डाळटंचाईनंतर २०१६ मध्ये भारताने त्या देशाशी तूरखरेदीचा करार केला. पुढच्याच वर्षी भारतात विक्रमी पीक आले, भारताने आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडे भाव कोसळले. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, त्याच वर्षीची ही गोष्ट.