द्विध्रुव आंतरक्रिया

समान मूल्याचे एक धन आणि एक ऋण प्रभार अगदी जवळजवळ असले, की त्या जोडीला विद्युत् द्विध्रुव म्हणतात. जोडीचा एकूण प्रभार शून्य असतो, तरी शेजारचा द्विध्रुव तिला ओढतो किंवा दूर ढकलतो. त्यांतले काय घडणार हे दोघांच्या दिशेवर ठरते. एकाच रेषेत, एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाशी आले, तर आकर्षण सर्वाधिक. शेजारी-शेजारी उभे असताना उलट तोंडे केली तर तेही जमते, पण आकर्षणाची ऊर्जा निम्मीच. असे शेजारी उभे असताना तोंडे एकाच दिशेला असली तर ते एकमेकांना दूर लोटतात.

अंतर दुप्पट झाले की ही ऊर्जा आठपट घटते. पाण्याचा रेणूही असाच द्विध्रुव आहे; त्याचे द्विध्रुव परिबल (प्रभार आणि दोन प्रभारांमधले अंतर यांचा गुणाकार) १.८५ डिबाय आहे. (एककाचे नाव पीटर डिबाय यांच्यावरून; त्यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) असे दोन द्विध्रुव ०.३ नॅनोमीटरवर रेषेत आले, तर आकर्षणाची ऊर्जा नेहमीच्या तापमानातील औष्णिक ऊर्जेच्या सुमारे सहापट भरते. अंतर ०.६ नॅनोमीटर केले, की ती औष्णिक ऊर्जेहूनही कमी होते आणि उष्णतेची धसमुसळ सगळी रांग मोडून टाकते.

तेलात स्टार्चचे कण कालवून तीव्र विद्युत् क्षेत्र लावल्यास कणांत द्विध्रुव प्रवर्तित होतात, त्यांच्या साखळ्या बनतात आणि पातळ मिश्रण घट्ट होते.

मराठवाड्यात पाण्याच्या रेणूंची ओढाताण पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. परभणी-नांदेडकडची खोल काळी जमीन उन्हाळ्यात उलते, पावसात फुगून भेगा बुजवते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे असतात व त्यांवर ऋण प्रभार असतो. पापुद्र्यांमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आयनांभोवती पाण्याचे रेणू ऋण टोक आत करून गोळा होतात आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात. काटेकोर बोलायचे तर इथे मुख्य जोर आयन आणि द्विध्रुव यांच्यातला. पाण्याच्या रेणूंची आपसांतली पकड त्याच्या जोडीला येते.

वाफसा मोडल्यावर, ढेकूळ हाताला अजून ओलसर लागत असतानाच, पीक माना टाकू लागते. उरलेले पाणी बारीक छिद्रांत आणि कणांच्या पृष्ठभागावर इतके घट्ट धरलेले असते, की ते मुळांना ओढता येत नाही.