छत्रीसैनिक पुलापासून इतके लांब का उतरतात?

डिसेंबरात विजय दिवस जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: १९७१ साली पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला आपले पाच हजार जवान थेट पुलावर उतरले. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ११ डिसेंबरला उतरली ती छत्रीसैनिकांची २ पॅरा बटालियन आणि तिच्या जोडीच्या छोट्या तुकड्या, सगळे मिळून हजाराच्याही आत. पाच हजारांचा आकडा तेव्हाच्या बातम्यांमधला. सोबत छापलेला, आकाशभर छत्र्यांचा फोटोही आधीच्या एका सरावातला होता. शत्रूला तो आकडा खरा वाटला हे आपल्या पथ्यावर पडले, पण आज आपणही तो खरा मानायचे काही कारण नाही. आणि ‘थेट पुलावर’ म्हणाल, तर ते छत्रीला जमणारेच नाही.

त्या काळची छत्री गोल. पूर्ण सामानासह जवानाचे वजन १२० किलो धरू. छत्री उघडली की काही क्षणांतच हवेचा विरोध आणि वजन समान होतात आणि खाली येण्याचा वेग स्थिर राहतो. साडेआठ मीटर व्यासाच्या छत्रीला हा वेग सेकंदाला साधारण ६ मीटर येतो. पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी मारल्यावर पायांना बसतो तेवढा हा धक्का. तो कमी का करत नाहीत? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेग निम्मा करायचा तर कापड चौपट लागते. शिवाय जवान हवेत दुप्पट वेळ लटकतो, म्हणजे वाराही त्याला दुप्पट लांब नेतो आणि खालच्या बंदूकधाऱ्यालाही दुप्पट वेळ मिळतो.

आता विखुरणे पाहू. विमान ताशी २०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरने चालले आहे. ४० जवान दोन दारांतून, प्रत्येक दारातून सेकंदाला एक या गतीने बाहेर पडले, तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात एक किलोमीटरहून जास्त अंतर पडते. दारात कोणी तीन सेकंद अडखळला, की त्याच्यामागचे सगळे १६५ मीटर पुढे गेले. उडीची खूण देणारा हिरवा दिवा पाच सेकंद उशिरा लागला, तर पूर्ण रांगच २७५ मीटर सरकते. त्या मानाने वारा गरीब: ३०० मीटर उंचीवरून उतरायला पाऊण मिनिट लागते आणि सेकंदाला ५ मीटरचा वारा तेवढ्या वेळात सव्वादोनशे मीटर वाहून नेतो. नवख्याला वाटते, वाऱ्याने घात केला. बहुतेक वेळा घात घड्याळाने किंवा नकाशाने केलेला असतो. विमानाला वाट दाखवणाऱ्या नेव्हिगेटरने वळण चुकवले तर फरक मीटरमध्ये नाही, किलोमीटरमध्ये मोजावा लागतो.

मग आणखी खालून उडी का मारत नाहीत? विमानाच्या तारेला अडकवलेली दोरी, म्हणजे स्टॅटिक लाइन, छत्री ओढून काढते, तरी ती पूर्ण फुगायला तीनेक सेकंद जातात. ती उघडली नाही, तर राखीव छत्रीलाही काही उंची उरायला हवी.

म्हणून ड्रॉप झोन, म्हणजे उतरायची जागा, लांबरुंद आणि मोकळा लागतो. पूल हा अरुंद पट्टा, बाजूला पाणी, आणि अंगावर तीस किलो ओझे. टांगाइलला छत्रीने सोडलेले काही सामान तळ्यांत पडले; गावकऱ्यांनी ते बाहेर काढायला मदत केली.

खरा प्रश्न पुढे येतो: पूल हवा कोणाला? लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल पाकिस्तानच्या ९३ ब्रिगेडला ढाक्याकडे माघार घेण्यासाठी हवा होता. म्हणजे तो उडवण्यात त्यांचाच तोटा होता. आपल्याला फक्त वाट अडवायची होती. त्यामुळे दिवस मावळायच्या सुमारास उतरून, गोळा होऊन, अंधारात चालत जाऊन पूल घेणे लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्या बटालियनला परवडले. पूल त्याच रात्री हाती आला. दुसऱ्या दिवशी १ मराठा लाइट इन्फंट्री उत्तरेकडून येऊन त्यांना मिळाली. २ पॅरा ही मूळची ३ मराठाच, त्यामुळे ही घरचीच भेट म्हणायची.

शत्रू पूल उडवू शकत असेल तर हिशेब उलटतो. तिथे सुरुंगाचा खटका दाबायला लागतात तेवढेच क्षण हातात. ६ जून १९४४ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या नॉर्मंडीत बेनूव्हिलच्या कालव्यावरचा पूल ब्रिटिशांना शाबूत हवा होता, म्हणून छत्र्या नाहीत, लाकडी होर्सा ग्लायडर आणले. एका ग्लायडरमधले अठ्ठावीस-तीस जण विखुरत नाहीत, एकाच जागी आणि हत्यारांसकट उतरतात. इंजिन नसल्याने आवाजही नाही. ओढून आणणाऱ्या विमानाचा दोर सोडल्यावर वैमानिक होकायंत्र आणि स्टॉपवॉच यांवरच वळणे घेत आले. पहिले ग्लायडर पुलापासून सुमारे ५० मीटरवर थांबले आणि काही मिनिटांत पूल हाती आला. किंमतही होती: नाकाड आपटून वैमानिक काच फोडून बाहेर फेकले गेले. एकूण सहापैकी एक ग्लायडर तर भलत्याच नदीवरच्या पुलाशी उतरले. नेव्हिगेशन, पुन्हा तेच.

तीनच महिन्यांनी नेदरलँड्समधल्या आर्नेमला हा धडा बाजूला पडला. तिथले ड्रॉप झोन पुलापासून दहाएक किलोमीटरवर होते, आणि सगळी ब्रिटिश डिव्हिजन एका दिवसात उतरवण्याइतकी विमानेही नव्हती. ओझ्यासह, शत्रूशी लढत दहा किलोमीटर जायला जितके तास लागले, तेवढे जर्मनांना पुरेसे होते. पुलाच्या उत्तर टोकाशी साडेसातशेच्या आसपास सैनिक पोहोचले, दक्षिण टोक जर्मनांकडेच राहिले.